ॲपिस्टोच्या टाकीत पानांचा थर हवाच

घोडबंदरवाला
ॲपिस्टोग्रामा, म्हणजे ॲपिस्टो, हे दक्षिण अमेरिकेतले छोटे शोभेचे मासे घेणाऱ्यांना कळकळीचं सांगणं: निळे-लाल खडे टाकू नका. त्यांतली अगासिझी ही जात ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. संथ, उथळ पाण्यात, बुडालेल्या पानांच्या थरात राहणारी. मादी कपारीच्या छताला अंडी चिकटवते, पिवळीधमक होते आणि मग नरालासुद्धा जवळ फिरकू देत नाही. हे बघायचं तर तिला आडोसा हवा. उघड्या टाकीत मासा फिका पडून कोपरा धरतो. बारीक वाळू, ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं लाकूड), देशी बदामाची सुकी पानं, स्पंज फिल्टर; दोन फुटी टाकीत एक नर, दोन माद्या. पाणी चहासारखं झालं तरी काही बिघडत नाही.

वाशीकर
अजिबात पटत नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावर टाकीचं पाणी 31-32 डिग्रीला जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात पानं कुजली की जिवाणू उरलेलाही संपवतात. बाजारातले ट्रिपल रेड ककाटुआ (ॲपिस्टोचीच एक लाल छटेची जात) तर पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच निपजलेले. पाणी नियमित बदला, नारळाची करवंटी ठेवा. एवढं पुरतं.

घोडबंदरवाला
करवंटी उत्तमच. पण टाकीत जन्मलेली मादीही पिल्लांना पानांतूनच फिरवते आणि पिल्लं पानांवरचे सूक्ष्म जीव टिपतात. पानं मूठभरच घाला, कुजून विरायला लागली की काढा. उन्हाळ्याचं मात्र खरं आहे. आपल्या दमट हवेत टाकीवर पंखा लावूनही पाणी फारसं उतरत नाही.

बेलापूर_रॅम
मग पाण्याला मानवेल तोच मासा आणा ना! पॅराग्वेकडच्या बोरेली या ॲपिस्टोला थंडावा लागतो, त्याचे इथे हालच. रॅम हा दुसरा छोटा मासा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाचा. 28-30 डिग्रीत खुशाल राहतो. शिवाय ॲपिस्टोच्या अनेक जातींत उबदार पाण्यात नर पिल्लंच जास्त निघतात, मग जोड्या कुठून लावणार? आणि याला बायोटोप, म्हणजे माशाच्या मूळ ठिकाणाची हुबेहूब नक्कल, म्हणू नका. देशी बदाम ॲमेझॉनचं झाड नाही, आशियातलं आहे.

घोडबंदरवाला
झाडाचं मान्य. स्पर्धेची टाकी असती तर तिथलंच पान शोधलं असतं. माशाला मात्र टॅनिन (पानांतून पाण्यात उतरणारं तपकिरी द्रव्य) आणि आडोसा मिळाला की पुरे, म्हणून पानं राहणारच. रस्त्याकडेची धुळीची उचलू नका. झाडावरच पिवळी होऊन गळलेली घ्या, धुऊन भिजवा.

वाशीकर
पानांआधी पाणी मोजा. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल आणि ते जड (क्षारांचं) निघालं, तर कितीही पानं टाका, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, जेमतेम हलतो. क्लोरीन काढणं तर नळाच्या पाण्यालाही चुकत नाही. माझी टाकी स्वच्छ पाण्याचीच राहील.