अनुभव धागा : जुन्या सायकलींचा छंद, त्याचा खर्च आणि घरची साथ

पितळी_बिल्ला
रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर नगरपालिकेचे सायकल-कराचे पितळी बिल्ले दिसले, आणि सायकलला दरवर्षी बिल्ला लावायचे, रात्री दिवा नसेल तर पकडायचे, ते दिवस एकदम समोर आले. म्हणून हा धागा. जुन्या सायकली जमवणारे आणि त्यांच्यासोबत संसार करणारे, दोघांनीही लिहावं. नेमकं लिहा: घेताना काय बघायचं, पैसा कुठे जातो, घरात ठेवायच्या कशा.

सुरुवात मी करतो. सायकल अपुरी असेल तर स्वस्त असली तरी सोडा. चेनकव्हर, मूळ मडगार्ड, ब्रेकच्या दांड्या, दिव्याचा ब्रॅकेट हे सुटं सापडत नाही, आणि सापडलं तर एकेकाची किंमत अख्ख्या गंजक्या सायकलीएवढी होते. गंज परवडतो, गहाळ भाग परवडत नाही. जोडीदाराला 'स्वस्तात मिळाली' असं सांगून आणलेली अपुरी सायकल पुढे दोन वर्षं पैसे मागत राहते. घरातला विश्वास तिथेच जातो.

कॉटरपिन
फ्रेम आधी. हेडच्या (हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या दोन्ही दांड्यांच्या पोटाखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली तर गाडी समोरून ठोकलेली आहे. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बाजूने बघायचा, हेडच्या रेषेत सरळ उतरून मग पुढे वळला पाहिजे. मागे ढकललेला असेल तर सोडून द्या. सीटचा खांब हलतो का तेही तिथेच बघा. अडकलेला खांब काढताना फ्रेमची वाट लागते.

नॉटिंगहॅमकर
इकडून एक सूचना, कारण यात भारतातल्या मित्रांचे पैसे वाया जाताना दिसतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या सायकलींच्या बीबी (पायडलचा एक्सल फिरतो ती फ्रेममधली जागा) आणि हेडच्या कपांना, म्हणजे छर्रे बसतात त्या वाट्यांना, इंचाला २६ आटे असतात. बाकी बहुतेक ब्रिटिश सायकलींना २४. २४ चा कप २६ च्या फ्रेममध्ये दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की फ्रेमचे आटे संपतात. कप झिजला नसेल तर बदलूच नका. छर्रे आणि एक्सल बदला, कप तसाच ठेवा. बीबीला पाव इंची छर्रे, दोन्ही बाजूंना ११-११, ग्रीसमध्ये बसवून.

रॅलेच्या कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर घट्ट धरणार्‍या पाचरी) ९.५ मिमीच्या, इतर काही ब्रिटिश गाड्यांच्या ९ च्या. व्हर्नियरने मोजूनच घ्या.

कॉटरपिन
माझ्या नावाचा विषय निघाला :) पिन काढताना नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा म्हणजे आटे चेंबत नाहीत. क्रँकखाली जाड नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून द्या, म्हणजे घाव छर्‍यांवर बसत नाही. मग एकच खणखणीत घाव. दहा हळू घावांनी पिन वाकते आणि आत फुगते, मग ड्रिलशिवाय निघत नाही. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने. एकाच दिशेने घातल्या तर पायडलं समोरासमोर येत नाहीत.

खडीसाखर
माझ्या यजमानांचा छंद, म्हणून घराच्या बाजूने लिहिते. गंज काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात ते विष आहे हे सगळ्यांनी आधी डोक्यात ठेवा. स्वयंपाकघरातलं पातेलं, आंघोळीची बादली, मोजायचा चमचा, काहीही घ्यायचं नाही. वेगळा टब, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, झाकण, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा. पावडर ओतताना नाकाला फडकं आणि हातमोजे. एवढं पाळलं तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

पितळी_बिल्ला
खडीसाखर ताई, शंभर टक्के. प्रमाणही देतो: ५ लिटर पाण्याला ५० ग्रॅम पुरतं. आधी सगळं ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने काढा, तेलकट भागावर ॲसिड चढत नाही आणि डाग राहतात. १२ तासांनी बघा, गरज असेल तर २४ पर्यंत. बाहेर काढल्यावर साध्या पाण्याने, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने, परत साध्या पाण्याने. सोडा चुकवला तर पिवळट थर धरतो. लगेच कोरडं करून तेलाचा हात, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज. जस्ताचा मुलामा असलेले आरे यात घालू नका, मुलामा जातो.

सदाशिवपेठी
क्रोमवरच्या बारीक गंजाला ॲसिड कशाला? ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. क्रोम फॉइलपेक्षा कठीण, चरे पडत नाहीत.

आणि एक पोटतिडकीने सांगतो. साधारण १९३० च्या आधीच्या सायकलींवर निकेल असतं, क्रोम नाही. निकेल जरा पिवळसर, उबदार दिसतं; क्रोम निळसर. १९२० च्या दशकातल्या सायकलचं हँडल चकचकीत क्रोम करून आणलं की ती सायकल गेली. पैसे घालून किंमत कमी करायचा हा प्रकार. मूळ काळा रंग आणि त्यावरच्या हाताने मारलेल्या सोनेरी रेघा अर्ध्या जरी शिल्लक असतील तरी नवा रंग देऊ नका.

जास्वंद
हब गिअरला (मागच्या चाकाच्या मधल्या हबच्या आत असलेल्या गिअरला) शिलाई मशीनचं तेल चालेल का? घरात तेच आहे.

नॉटिंगहॅमकर
जास्वंद, ट्रिगरला (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि केबलला चालेल. हबमध्ये फार पातळ पडतं, दोन दिवसांत बाहेर येतं. स्टर्मे-आर्चर कंपनीच्या एडब्ल्यू या तीन गिअरच्या हबला २० किंवा ३० ग्रेडचं तेल, बराच काळ बंद असेल तर एक चहाचा चमचा, नंतर महिन्याला काही थेंब. हबच्या पोटावर छोटं झाकण असतं, तिथूनच. खायचं तेल चुकूनही नको, आत डिंक होतो आणि पॉल (आतले छोटे खटके) चिकटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एडब्ल्यूमध्ये दुसर्‍या आणि तिसर्‍या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. केबल बिघडलेली असेल तर उभं राहून जोर देताना पायडल एकदम मोकळं फिरतं आणि माणूस दांड्यावर आपटतो. जुळवणी अशी: एक्सलच्या आतली साखळी-काडी (केबल जिला जोडते ती) पूर्ण आत फिरवा, मग केबलच्या दिशेला आणण्यापुरती जास्तीत जास्त अर्धा फेरा मागे. ट्रिगर दोनवर. उजव्या नटच्या खिडकीतून बघा, काडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट दिसलं पाहिजे. मग लॉकनट. जोडीदाराला ती सायकल चालवायला देणार असाल तर हे केल्याशिवाय देऊ नका.

जास्वंद
धन्यवाद दादा! हबवर 'एडब्ल्यू', खाली ५२ आणि ६ आहे. काय ते?

नॉटिंगहॅमकर
१९५२, जून. एडब्ल्यू १९३६ पासूनचा, आणि तारीख हबवरच ठोकलेली असते. पण चाक बदललेलं असू शकतं, तेव्हा ती तारीख चाकाची धरा, सायकलची नाही.

कोकणकडा
खार्‍या हवेत काय करता? रत्नागिरी. पावसाळ्यात क्रोमवर पंधरा दिवसांत ठिपके.

सदाशिवपेठी
जूनच्या आधी क्रोमवर मेणाचा पातळ हात, रिमच्या आतल्या कडेला सोडून. दांडीच्या ब्रेकचे रबर त्या आतल्या कडेलाच लागतात, मेण लागलं तर ब्रेक गेला. तसेही ओल्या लोखंडी रिमवर ते ब्रेक कमीच धरतात. चामडी सीटवर प्लॅस्टिक बांधून ठेवू नका, आत बुरशी येते. सुती फडकं घाला. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वार्‍यावर, उन्हात नको.

कॉटरपिन
सीटचा विषय निघालाच आहे तर: ब्रूक्स कंपनीच्या जुन्या चामडी सीटला पॉलिश खालच्या बाजूने जास्त लावा, चामडं तिथून पितं. तेलात भिजवू नका, कायमची लोंबते. पुढचा ताणाचा नट एका वेळी अर्धा फेरा, तोही खरंच ढिली झाली असेल तरच. नवी ब्रूक्स एका नव्या भारतीय काळ्या सायकलीपेक्षा महाग पडते, म्हणून जुनी जपणं हाच हिशेब.

हिंदवाले
सगळे नॉटिंगहॅमवर चाललेत. आपल्याकडच्याही बघा की. आसनसोलची सेन-रॅले, वरळीच्या हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूरच्या टीआय सायकल्सची हर्क्युलस (कंपनी १९४९ ची), सोनीपतची ॲटलस (१९५१). घरचं बजेट बघून सुरुवात करायची तर इथून करा. २८ x १½ चे टायर आजही कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि पुढे ३२ मागे ४० आर्‍यांच्या रिमही. बाहेरून काही मागवावं लागत नाही.

विकणारे सेन-रॅलेला 'इंग्लंडची' करून विकतात. हेडचा बिल्ला बघा: रिव्हेट नवी आहे का, बिल्ल्याच्या कडेला रंगाची जुनी सावली जुळते का. पुढचं चक्र पण वाचा. रॅलेच्या चक्रात बगळ्याचं डोकं, आणि इतर ब्रिटिश सायकलींपैकी हंबरच्या पाच माणसं, रजच्या हाताचा पंजा. बीएसएचं चिन्ह तीन बंदुका. चक्र एकीचं आणि बिल्ला दुसरीचा, तर किंमत तशी द्या. कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय एकदा सावकाश बघून या, अस्सल भाग डोळ्याखालून गेले की फसगत कमी होते. दुसर्‍या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर (छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल) घेताना तर आधी संग्रहालयच. तिचे कानवाले नट आणि आत सरकणारी पायडलं नंतर बनवून लावलेली असू शकतात.

अनुस्वार
डायनोहब (दिव्यासाठी वीज तयार करणारा चाकाचा हब) कोणी उघडलाय का? जीएच-६ मॉडेल. दिवा मंद.

नॉटिंगहॅमकर
थांबा, उघडू नका! चुंबक आतल्या कॉइलवरून नुसता ओढून काढला तर त्याची ताकद कायमची जाते. सरकवतानाच त्याच्या जागी लोखंडी कडं आत गेलं पाहिजे. आधी तारा आणि बल्ब तपासा, दोष बहुतेक तिथेच. तो ६ व्होल्ट, २ वॅटचाच आहे, बल्ब मोठा लावला तर मंदच दिसणार. एलईडी लावायचा तर मध्ये रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) हवा, हब एसी वीज देतो.

अनुस्वार
बल्बच चुकीचा होता. वाचलो.

खडीसाखर
जुन्या सायकलींचा कार्बाइडचा (वायूवर जळणारा) दिवा घरात पेटवून दाखवू नये, हेही लिहा कोणीतरी.

सदाशिवपेठी
अगदी. वरून पाण्याचा थेंब, खाली कार्बाइड, तयार होतो तो ॲसिटिलीन. अंगणातच, आणि संपल्यावर उरलेली ओली भुकटी डब्यात बंद करायची नाही, वायू येतच राहतो. कोरड्या कार्बाइडचा डबा मोरीजवळ ठेवू नका.

दोनमजली
जागेबद्दल कोणीच लिहिलं नाही. काळी सायकल १८ ते २० किलो. भिंतीवर टांगायची तर १० मिमीचे फास्टनर, भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये, पोकळ ब्लॉकमध्ये नाही. शेजारशेजारच्या हुकांत एक फूटभर उंचीचा फरक ठेवा म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. केबलच्या ब्रेकवाल्या गाडीचं हँडल वळवून सपाट करता येतं, दांडीच्या ब्रेकवाल्यांचं येत नाही, दांड्या सोडाव्या लागतात. म्हणून दांडीवाल्यांना जागा जास्त मोजा. हब गिअर तेल गाळतोच, खाली जाड पुठ्ठा हवा. फरशीवरचे डाग हे बायकोच्या रागाचं मोठं कारण असतं आणि तो राग रास्त असतो.

जमिनीवर उभ्या ठेवणार असाल तर हवा पूर्ण, ४०-५० पौंड, आणि महिन्याला चाक थोडं फिरवा. कमी हवेवर उभा राहिलेला टायर बाजूने तडकतो. दर पावसाळ्यानंतर व्हॉल्व्हची रबरी नळी बदला.

जास्वंद
इथे बायका-नवरे उलटे पण असतात हां. संग्रह बाईचा, सहन करणारा नवरा. नियम तेच.

खडीसाखर
नक्कीच! हिशेबाची वही मात्र दोघांच्या हाताला लागेल अशी हवी. सायकलमागे एक पान: बिल्ल्याचा आणि फ्रेम नंबरचा फोटो, कोणाकडून घेतली त्याची सहीची पावती (जुनी सायकल चोरीची निघू शकते), दिलेली खरी रक्कम, नंतरचा प्रत्येक खर्च. प्लेटिंग, टायर, सीट वेगवेगळं. कमी करून लिहायचं नाही. संग्राहक गेल्यावर घरच्यांना त्या वहीतूनच कळणार की कुठली भंगारात द्यायची नाही. किमती लपवल्या असतील तर शंभर वर्षांची हंबर किलोच्या भावाने जाते.

हिंदवाले
ताई, यात एक भर घाला. खोक्यातल्या सुट्या भागांवर चिठ्ठी: कुठल्या सायकलचा, कुठल्या बाजूचा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे घरात सगळ्यांना माहीत नसतं.

कोकणकडा
मेण कुठलं? गाडीचं पॉलिश चालेल?

सदाशिवपेठी
खरखरीत पॉलिश नको, रेघा जातील. नुसतं मेणाचं घ्या. आधी मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लावून बघा.