‘आहात तसे राहा’ हे ऐकायला दर रविवारी जायचं कशाला?

चप्पललाईन: कोल्हापुरात राजारामपुरीत एका बंगल्याच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी एक गृहस्थ बोलतात. नाव देत नाही. व्यासपीठ नाही, हार नाहीत, अंगात साधा शर्ट. चाळीसेक माणसं सतरंजीवर बसतात, शेवटी चहा. सांगणं एवढंच की शोधणाराच आडवा येतोय, काही करू नका, आहात ते राहा. मी दोनदा गेलेय. माणूस गोड बोलतो, त्यात वाद नाही.

माझा धाकटा भाऊ तिथं आठ महिने जातोय. आमचं चप्पलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. परवा एक गिऱ्हाईक उजव्या पायातली कापशी चप्पल हातात धरून दहा मिनिटं उभं होतं, डावी कुठाय विचारत. हा गल्ल्यावर अर्धे डोळे मिटून. विचारलं तर म्हणतो, “ताई, मी आता नाटक करायचं सोडलंय.” अरे, आळशी तू आधीपासूनच होतास, त्याला आता जागृती म्हणायला लागलास एवढंच!

माझं मत सरळ आहे. अशा बोलण्यानं माणूस जागा होत नाही, त्याला झोपायला परवानगी मिळते.

तिसरी_गल्ली: ताई, मी तिथं वर्षभर जातोय. वडील गेल्यावर चार महिने मला रात्रीची झोप नव्हती. एका रविवारी कुणीतरी विचारलं, ध्यान किती वेळ करू? ते म्हणाले, आत्ता हा प्रश्न कुणाला पडला ते बघा. मग गप्पच. तेवढ्यात लाईट गेली, पंखा हळूहळू थांबला, तो थांबलेला मला ऐकू आला. बाकी काही झालं नाही, पण त्या रात्री झोपलो. याला तुम्ही काय म्हणाल?

आणि ही पद्धत काही नवी नाही. अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर असेच बोलायचे. विडीचं दुकान, स्वतः विडी ओढायचे. लोक विचारतील तसं उत्तर.

गुळव्या_कागल: निसर्गदत्तांचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर या गुऱ्हाळात पडणार नव्हतो.

1933 साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. गुरूंनी सांगितलं, ‘मी आहे’ एवढ्यावर लक्ष ठेव. यांनी तीन वर्षं मोकळा क्षण सापडला की तेच धरलं. घर चालवून, दुकान चालवून. 1936 ला गुरू गेले. म्हणजे ‘काही करू नका’ म्हणायच्या आधी त्या माणसानं काय केलं ते बघा. तुमच्या हॉलमध्ये तीन वर्षं वगळतात आणि शेवटचं वाक्य वाटतात.

आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या असतो. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती काढत राहायची, मग पाक आला का ते बघायचं. तो थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी वळतो आणि म्हणतो, उतरवा. कसं कळलं विचारलं तर “कळतंय की” म्हणतो. खोटं बोलत नाही तो. पण त्याचं ऐकून मी काहील उतरवली तर काकवी घेऊन घरी जावं लागेल.

मोतीबाग_जुना: तालमीत वस्ताद पण म्हणायचे, अंग सैल सोड. पण कधी? पाचशे जोर झाल्यावर. कुस्तीच्या हौद्यात पहिल्या दिवशी अंग सैल सोडणारा पोरगा थेट पाठीवर.

तिसरी_गल्ली: छान उपमा. पण वर्षानुवर्षं जोर काढून ताठच राहिलेले पहिलवान पण बघितलेत की आपण! आमच्या घरात रोज दोन तास पूजा चालायची आणि तिसऱ्या तासाला भांडी आपटायची. त्या मेहनतीचं काय?

आणि दुकानाचंच म्हणाल, तर 1937 ला निसर्गदत्तही घरदार सोडून निघाले होते. धंदा बुडाला त्यात.

चप्पललाईन: आणि परत आले, ते पण सांगा. दुकानं होती बरीच, उरलं एक. त्या एकावर पुन्हा बसले आणि संसार केला. आमच्याकडं मुळात एकच आहे, भावा.

पांढरा_रस्सा: चहा फुकट असतो का?

टेंबलाईवाली: सगळे मेहनतीवर भांडताय, मला गोंधळ शब्दात वाटतो. निसर्गदत्त बोलले मराठीत. टेपवरून मॉरिस फ्रीडमननी त्याचं इंग्रजी केलं, 1973 ला पुस्तक आलं, जगभर गेलं. आता तेच वाचून आपले लोक आपल्यालाच ‘अवेअरनेस’ आणि ‘बीइंग’ सांगतात, आणि घरी येईपर्यंत त्याचं ‘आपल्या स्वभावाप्रमाणे वागा’ झालेलं असतं. महाराजांचं ‘असणेपण’ म्हणजे मी अमक्याचा मुलगा, चप्पलवाला, आळशी, रागीट, या सगळ्याच्या आधीचं नुसतं ‘आहे’. स्वभाव त्यात येतच नाही! ताईंचा भाऊ ‘आहे’ला धरायच्या ऐवजी ‘आळशी आहे’तल्या आळशीला धरून बसलाय.

बाकी सिद्धरामेश्वरांचे शिष्य शोधायला खेतवाडीपर्यंत जायची गरज नाही. कणेरी मठाचे मुप्पीन काडसिद्धेश्वर महाराज त्यांचेच शिष्य, 2001 पर्यंत होते. आपण कणेरीला जातो ते म्युझियममधली पुतळ्यांची बैलगाडी बघायला आणि पोरांना कणीस खायला घालायला. मी पण त्यातलीच.

गुळव्या_कागल: हे पटलं. पण मग हा फरक त्या गृहस्थांनी सांगायला नको का? ऐकणारा चुकीचं घेऊन घरी जातोय हे आठ महिन्यांत दिसत नसेल, तर जागं कोण आहे तिथं?

तिसरी_गल्ली: विचारतो रविवारी. सगळ्यांसमोर.

चप्पललाईन: काल मी पण गेले. तिसरी गल्लीवाल्यांनी खरंच विचारलं, मानलं. ते गृहस्थ हसले, म्हणाले, “दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर ‘आहे’ तिथं गिऱ्हाईक आहे, त्याला चप्पल द्या.” सगळे हसले. मला ते उत्तर पळवाटच वाटलं. हे आठ महिन्यांपूर्वी म्हणाले असते तर एक जोड जास्त खपला असता.

एक मात्र सांगते. चहा झाल्यावर चाळीस कप मोरीत नेऊन विसळत होता तो आमचा भाऊ. घरी स्वतःचं ताट उचललेलं मी कधी बघितलं नाही. आईला सांगितलं तर म्हणते, त्या सरांनाच विचार, आपल्या मोरीत काय कमी आहे.

दुकान आज साडेनऊला उघडलंय. मीच उघडलं.