मदत हवी आहे: बँकेतल्या नोकरीने नवऱ्याच्या तब्येतीची वाट लागलीय

मंडळी, माझा नवरा बँकेत कॅश काउंटरवर असतो. सतत बैठक, मान खाली. काउंटर सोडून उठता येत नाही म्हणून पाणीच पीत नाही; सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येते. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, कारण पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं, दोन्हींनी मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायला निमित्त मिळतं. मान-कंबर तर दुखतेच. त्यात टार्गेटचे मेसेज रात्री उशिरापर्यंत चालू, मग झोप उडते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं होतं की, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

बँकेतल्यांनी कृपया सांगा, मधे पाच मिनिटं उठता यावं म्हणून साहेबांशी कसं बोललात? डॉक्टरांच्या पत्राचा उपयोग होतो का? खुर्ची बदलून मिळाली का कुणाला? "सगळ्यांचंच असं असतं" म्हणून तो तपासणीही टाळतोय. त्याला कसं तयार करू?