ढोल, रानकुत्रा की कोळसुंदा?

मचाण: बंदीपूरच्या जंगलातल्या एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करतेय. तो एकत्र शिकार करणाऱ्या तांबूस जंगली कुत्र्यांवर आहे, आणि इंग्रजीत त्यांना सगळीकडे 'ढोल' म्हटलंय. तसंच ठेवलं तर 'ढोल पाण्यात उतरले' असं वाक्य होतं आणि डोळ्यासमोर विसर्जन येतं. 'रानकुत्रे' वाचून मैत्रिणीला वाटलं गावातलीच भटकी कुत्री जंगलात शिरलीत. मी 'कोळसुंदे' केलं तर काम देणारे म्हणतात कुणाला कळणार. तुमच्याकडे काय म्हणतात?

तांबडमाती: कोळसुंदाच ठेव. आजोबा कोयनेकडचे, त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. सांगायचे की कोळसुंदे शेपटी मुतात भिजवून वाघाच्या डोळ्यांवर मारतात आणि वाघ आंधळा होतो.

धानपट्टा: ही गोष्ट आमच्या नागझिऱ्याकडेही ऐकलीय पण खरी नाही हो. ते पाळीपाळीने पाठलाग करून सावज दमवतात आणि जिवंतपणीच खायला लागतात, म्हणून क्रूर ठरले, इंग्रजांनी तर मारायला बक्षिसं लावली होती. आमच्याकडे रानकुत्राच म्हणतात, कोळसुंदा मी पुस्तकातच वाचला.

शब्दवेल: 'ढोल'ला काहीजण कन्नड 'तोळ'शी जोडतात, आणि तोळ म्हणजे लांडगा! उलट साईक्स या इंग्रज अधिकारी-निसर्गअभ्यासकाने 1831 मध्ये दख्खनच्या रानकुत्र्याचं वर्णन केलं तेव्हा 'कोळसून' हा मराठ्यांचा शब्द म्हणून लिहून ठेवलाय. परक्या माणसाने विचारून टिपला आणि आपण म्हणायचं कळणार नाही? त्यातलं 'सून' मला संस्कृत 'शुनक' म्हणजे कुत्रा, त्यातलं वाटतं.

तांबडमाती: मग 'कोळ' म्हणजे कोल्हा? रंग तसाच तांबूस.

धानपट्टा: शेपटीचा झुपका काळा म्हणून कोळसा! पण ते राहू दे, शब्द कळला पाहिजे. जगात पिल्लं देणारे प्रौढ 949 ते 2215 च उरलेत असा 2015 चा अंदाज आहे, लोकांना नावच ओळखीचं नसेल तर काळजी कशी वाटणार.

शब्दवेल: आणि कुत्रा म्हटलं की लोक आधी दगड उचलतात, त्याचं काय?

मचाण: 'पॅक'ला काय करू? कळप लिहिलंय.

शब्दवेल: कळप चरणाऱ्यांचा. टोळी कर.

तांबडमाती: टोळी दरोडेखोरांची वाटते. शिकारीहून आले की पिल्लांना आणि पिल्लं राखत मागे थांबलेल्यांनासुद्धा मांस ओकून भरवतात ते, त्यांना टोळी?

धानपट्टा: मेंढ्या काय पिल्लं सांभाळत नाहीत? टोळीच बरोबर. आणि ते भुंकत नाहीत, शीळ घालतात, तिथे चुकून 'भुंकणं' नको लिहूस.

मचाण: 'शिट्टी मारतात' लिहिलंय.

तांबडमाती: शीळ!