प्रयोगशाळेतील उपकरणे संगणकाला कशी जोडावीत?

प्रश्न (फोंडा): आमच्या महाविद्यालयातील जुन्या मल्टिमीटरला मागे फक्त जीपीआयबीचे (मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडण्याची जुनी पद्धत) सॉकेट आहे, तर नवा ऑसिलोस्कोप (विद्युत संकेताचा आलेख दाखवणारे उपकरण) यूएसबी आणि लॅन (नेटवर्कची केबल) या दोन्हींवर चालतो. दोन्ही एकाच संगणकावरून चालवायचे असल्यास कोणती जोडणी योग्य ठरेल?

उत्तर १: ऑसिलोस्कोप लॅनवरच घ्यावा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते, लॅनची १०० मीटरपर्यंत चालते. शिवाय लॅनच्या पोर्टमधील ट्रान्सफॉर्मरमुळे साधी, बिनशील्डची (धातूचे आवरण नसलेली) केबल वापरल्यास संगणक आणि उपकरण यांची अर्थिंग एकमेकांशी जोडली जात नाही, त्यामुळे मोजमापात अर्थिंगचा गोंगाट शिरण्याची शक्यता कमी होते. मल्टिमीटरसाठी यूएसबी-जीपीआयबी अडॅप्टर पुरे.

उत्तर २: अडॅप्टर व्हिसा लायब्ररीशी (संगणकावरून उपकरणांशी बोलणारे सॉफ्टवेअर) जुळतो का, हे विकत घेण्यापूर्वीच तपासावे, मी स्वस्तातला घेऊन पस्तावलो. जीपीआयबीवर संगणकासह १५ उपकरणे जोडता येतात, मात्र प्रत्येकाचा पत्ता निराळा हवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो, तोही आधी पुसून घ्यावा.

प्रश्नकर्ता: थर खरोखरच होता. पिना पुसल्या आणि ओळख विचारणारी आज्ञा पाठवली, तेव्हा मल्टिमीटरने आपला मॉडेल क्रमांक कळवला.