चालणं, पळणं आणि घरचं ताट : गावात राहून हे टिकवलं कसं?

धागा सुरू करताना

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा बीपी आणि शुगर आम्ही तपासतो. आकडा वाढलेला दिसला की मी चालायला सांगते, आणि ठरलेलं उत्तर येतं : "मॅडम, आम्ही वावरात राबतो, आम्हाले कायचा व्यायाम?"

आमच्या आजोबांच्या तोंडी हे उत्तर शोभलं असतं. आता नांगरटी-पेरणी ट्रॅक्टरनं होते, सोयाबीन मशीनमधून निघतं, वावरात जायला दारात मोटारसायकल उभी. निंदण आणि कापूस वेचणी उरली, ती बहुतेक बायांच्या वाट्याला. वेचणी आटोपली की पुरुषमाणूस मृगापर्यंत पारावर, नाहीतर टपरीवर. मेहनत हंगामी झाली, जेवण मात्र बारमाही राबणाऱ्याचं राहिलं.

मोठ्या माणसानं आठवड्याला निदान 150 मिनिटं दमदार चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. सांगायला सोपं आहे. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि बाई एकटी निघाली की साऱ्या गावाच्या नजरा. म्हणून सल्ले नकोत, तुमचे अनुभव हवेत. सुरुवात सगळेच करतात. तुटलं कुठे आणि परत जुळलं कशानं, ते लिहा. किती किलो उतरलं हे नाही सांगितलं तरी चालेल.

निवृत्त एस.टी. चालक, मूर्तिजापूर तालुका

आपल्या बोलीतच लिहितो. सारं आयुष्य स्टेअरिंगवर गेलं. रिटायर झालो अन् शुगर निघाली. डॉक्टरनं सांगतलं, चालत जा. चार दिस गेलो, मंग आंगावरचं पांघरूनच निंघे ना. येकट्याचं कायी खरं नसते. शेजारचा येक सोबती धरला, त्याचा साळा आला, असे चौघं झालो. आमचा नियम येकच. जो आला नायी त्याच्या दारात बाकीच्यायनं उभं राहाचं अन् नाव घेऊन हाका माराच्या. सारी आळी जागी होते. घरचेच मंग त्याले उठवून बाहीर काहाडतात.

शकुंतला, म्हंजे आमची जुनी लहान्या रुळाची रेल्वे, बंद पडली तवापासून तिच्या रुळाकाठची वाट मोकळी हाय. गाडी नायी, घोडं नायी, दोन्ही आंगाले बाभळी. तिथंच जातो.

मले खरी अडचन चालण्याची नोती, चहाची होती. गावात कोनाच्याही घरी गेलं की चहा, अन् त्यात साखर मोप. नायी म्हनलं तं मान्साले वाईट वाटते. आता मीच पयले सांगतो, "वहिनी, पानी द्या अन् मूठभर फुटाने द्या." मांगून घेतलं की घरच्यायले बरं वाटते, अन् आपला चहा टळते.

गृहिणी, वरुड तालुका

वरच्या काकांना सोबती मिळाले की काम झालं. बाई पहाटे निघाली तर सडा कोण टाकेल, पाणी कोण भरेल, डबे कोण करेल? आमच्या बचत गटातल्या बायांनी म्हणून सकाळचा नादच सोडला. रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी करून ठेवायची आणि दिवेलागणीच्या आधी गावाबाहेरच्या मारोतीपर्यंत जाऊन यायचं. देवाला जातो म्हटल्यावर कोणी अडवत नाही. माझ्या सासूबाईही येतात, पारापर्यंत चालतात, तिथं बसतात आणि आम्ही परतलो की सोबत घरी येतात. गटाचा हिशेब, कर्जाचे हप्ते, कोणाकडे काय अडलं, हे सगळं बोलणं वाटेतच होतं.

साडीवर बूट घातले तेव्हा पोरं हसली. मग आम्ही सगळ्यांनीच घेतले, हसणं थांबलं. सपाट चपलेवर जोरात चाललं की टाच दुखते, आणि टाच दुखली की दुसऱ्या दिवशी पाय निघत नाही. ज्या बायांचं चालणं सुटतं, त्यातल्या कितीतरी जणींचं चपलेपायीच सुटतं, असं मला वाटतं. घरात पोराच्या बुटाला पैसे निघतात, तसे आईच्याही निघाले पाहिजेत.

खाण्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. तोवर भाजीच्या गंजात तळाला तेल आणि पातळ रस्सा उरतो, फोडी सगळ्यांच्या ताटात गेलेल्या असतात. मग ती भात, तो रस्सा, लोणचं आणि सकाळची उरलेली पोळी खाते, कारण अन्न टाकवत नाही. वजन वाढतं आणि रक्त कमी निघतं, दोन्ही एकाच बाईत. मी एकच गोष्ट बदलली. भाजी झाली की आधी माझी वाटी काढून झाकून ठेवते. पहिल्यांदा मन खायचं. आता मुलगी विचारते, "आई, तुझी वाटी काढली का?"

भाजी महाग असते हेही पूर्ण खरं नाही. उन्हाळ्यात चिवळ, पावसाच्या तोंडाशी तरोट्याची कोवळी पानं, पुढे अंबाडी. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घातली की भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही. वर जवसाची चटणी. आमच्याकडे संत्र्याचे आंबिया आणि मृग असे दोन बहार येतात, तरी पाहुण्यांना आम्ही रस काढून, त्यात साखर टाकून देत होतो. आता फोडीच पुढे ठेवतो. चोथा पोटात गेला की पोट भरतं, रसानं भरत नाही.

क्रीडा शिक्षक, सिंदेवाही तालुका

आमच्या भागात कोणाला "पहाटे फिरायला जा" असं सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. ताडोबाच्या भोवतालच्या आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांत वाघ हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये माणसं मोहफुलं वेचायला अंधारातच निघतात, खाली वाकून वेचतात, आणि कितीतरी घरांतला कर्ता माणूस त्यातच गेला आहे. उजाडण्याआधी आणि सांज झाल्यावर एकट्यानं गावाबाहेर पडायचं नाही, हे आमच्या लेकरांनाही पाठ असतं.

म्हणून आमचा व्यायाम शाळेच्या पटांगणात, ऊन अंगावर आल्यानंतर. पटांगणाला कुंपण आहे आणि माणसांचा आवाज असतो. मुलं कबड्डी आणि व्हॉलीबॉल खेळतात, गावातले मोठे लोक कडेकडेनं फेऱ्या मारतात. मी शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतलं. 1914 साली सुरू झालेल्या या मंडळाचं पथक 1936 मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं आणि तिथं आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. हे पोरांना सांगितलं की दंड-बैठका त्यांना जुनाट वाटत नाहीत. यंत्रांची व्यायामशाळा गावात येईल तेव्हा येईल. सूर्यनमस्कार, दंड, बैठका, दोरीवरच्या उड्या, एवढ्यानं शरीर चांगलं घडतं, हे मी माझ्या मुलांत रोज बघतो.

धानाच्या पट्ट्यात तिन्ही त्रिकाळ भात. भात सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि तशी गरजही नाही. मी ताटातला क्रम बदलला. आधी भाजी, मग वरण किंवा मासोळी, आणि भात शेवटी. तोवर भूक निम्मी झालेली असते, भात आपोआप कमी लागतो. आमच्याकडे मालगुजारी काळातले मामा तलाव आहेत, ताजी मासोळी दारात येते. ती तेलात तळण्यापेक्षा चिंचेच्या रश्श्यात शिजवली की चवही येते आणि तेलही वाचतं.

पोलीस भरतीची तयारी करणारी, पुसद तालुका

मुलींना 800 मीटर धावावं लागतं, मुलांना 1600, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक दोघांनाही. आमच्या तालुक्यात रोज पहाटे राज्यमार्गावर पोरं-पोरी पळताना दिसतील, कारण सपाट जागा तेवढीच. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. आम्ही मैत्रिणींनी रस्ता सोडला, एका काकांनी सोयाबीन काढल्यावर पडीक ठेवलेला तुकडा पळायला दिला. त्यांना आम्ही ओळखतही नव्हतो.

माझा दम मध्येच तुटायचा. सराव वाढवला की आणखी तुटायचा, आणि तेव्हा सगळं सोडून द्यावंसं वाटलं होतं. आशाताईंनी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनीच सांगितलं की जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही, आणि भाजीवर लिंबू पिळ, त्यानं लागतं. मैत्रिणींनो, दम लागत असेल तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासून घ्या.

डबा भरून पावडर विकणारे खूप भेटतात. मी भिजवलेले चणे, फल्लीदाणे, अंडी, भाकर आणि दाट वरण यावरच पळते.

किराणा दुकानदार, लाखनी तालुका

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेल्या मिश्रणाबद्दल, कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. खर्रा तोंडात असला की भूक मरते, जेवणाची वेळ चुकते, आणि रात्री माणूस भसाभस जेवतो. माझ्या एका मित्राचं तोंड आता दोन बोटंही उघडत नाही, तिखट सोसत नाही, भाकर चावत नाही. त्याला बघून मी सोडायचं ठरवलं. ठरवणं पुरलं नाही, कारण फिरायला जायच्या रस्त्यावर दोन पानठेले होते. मी रस्ताच बदलला, कालव्याच्या बाजूनं जाऊ लागलो. तलफ उठायची ती जेवणानंतर, म्हणून जेवण झालं की लगेच पायात चपला घालतो. खिशात भाजलेली बडीशेप आणि जवस असतात. फिरून येईपर्यंत तलफ ओसरलेली असते.

एक वडील, कुरखेडा तालुका

आमच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत अशी लेकरं पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटलं. आम्ही त्याला भीतीनं घरातच बसवून ठेवायचो. डॉक्टरांनी समजावलं की हालचाल हवी, फक्त त्याच्या बेतानं. पाण्याची बाटली कायम सोबत, तहान लागायची वाट बघायची नाही. भर उन्हात नाही आणि डिसेंबरच्या कडक थंडीत उघड्या अंगानं नाही. शर्यत नाही. हातपाय दुखायला लागले की तिथंच थांबायचं आणि ताप आला तर दवाखाना गाठायचा. तो आता सायकल चालवतो, दमला की झाडाखाली बसतो. सोबतच्या पोरांना मी सगळं सांगून ठेवलं आहे, तीही त्याच्यासोबत थांबतात.

शेतकरी, खामगाव तालुका

मला शेगावच्या वारीनं चालतं केलं. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावला आली की पुढचा शेगावपर्यंतचा टप्पा चालायला सारा भाग लोटतो. सोळा-सतरा किलोमीटर असेल. एकदम उठून चाललं तर पायाला फोड येतात आणि माणूस आठवडाभर झोपतो. म्हणून आमचं मंडळ उन्हाळ्यापासूनच तयारीला लागतं. समोर एक दिवस ठरलेला असला की रोजचं निघणं जड जात नाही, हा माझा अनुभव आहे.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मी उजाडायच्या आत निघतो आणि ऊन तापायच्या आधी घरात असतो. त्यानंतर कितीही वाटलं तरी बाहेर नाही. निघताना तांब्याभर पाणी, आल्यावर ज्वारीची आंबील किंवा कैरीचं पन्हं, गूळ बेताचा आणि चिमूटभर मीठ. पाऊस लागला की पांदण रस्ता बंद, बुटाला किलो-किलो माती चिकटते. मग जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. शाळा सुटली की आम्ही तिथं फेऱ्या मारतो, गुरुजींची परवानगी घेतली आहे. फवारणीच्या दिवसांत वावराच्या धुऱ्यानं फिरू नका. 2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपल्या भागानं विसरू नये.

आमच्यातले काही जण नवस म्हणून अनवाणी चालतात. त्याबद्दल ताईंनी लिहावं.

धागा सुरू करणारीकडून

दादा, बरं झालं विचारलं. ज्यांना शुगर आहे त्यांनी अनवाणी चालू नये, नवस असला तरी. शुगर जुनी झाली की तळपायाची जाणीव कमी होते. काटा रुततो, डांबरानं चटका बसतो, फोड फुटतो, आणि कळतच नाही. जखम चिघळल्यावर माणूस माझ्याकडे येतो, आणि तोवर कधी कधी बोट वाचवणं अवघड झालेलं असतं. नवस बोललेला असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तो पायी फेडावा, किंवा तुम्ही बूट-मोजे घालून चाला. महाराज रागावणार नाहीत, याची मला खात्री आहे.

इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी असू द्या. अंग थरथरलं, दरदरून घाम आला की तोंडात टाका आणि बसा. छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला तर "थोडं अजून चालू" करू नका, सोबतच्याला सांगून थेट दवाखान्यात जा. घरी आल्यावर रोज संध्याकाळी तळपाय नीट बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यात ओल राहू देऊ नका. चिरा, फोड, काळा डाग, काहीही नवीन दिसलं तर त्याच दिवशी जवळच्या उपकेंद्रात दाखवा. तपासणीला पैसे लागत नाहीत.