सीएफ असलेल्या मुलीला ग्लुटाथायोनच्या गोळ्या द्याव्यात का?

डिचोलीची आई
बाय सात वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे फुफ्फुसात चिकट कफ साचणारा जन्मजात आजार. घामातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, ९८ आलं होतं, ६० च्या वर गेलं की हाच आजार धरतात. त्याआधी सासूबाई म्हणायच्या, हिचा पापा घेतला की ओठ खारट होतात. आम्ही हसायचो.

परवा डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतो. मी पुढचं विचारेपर्यंत दुसरा पेशंट आत. घरी सांगितलं तर दिरांनी म्हापशाहून ग्लुटाथायोनची डबी आणली. डबीवर गोऱ्यापान बाईचा फोटो! द्यायच्या का? की आवळाच बरा?

फोंड्याचा बाबा
वहिनी, डबी उघडू नका. माझा मुलगा पंधराचा आहे, हे सगळं करून झालंय.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे पेशी जाळणारी रसायनं जास्त आणि त्यांना विझवणारी अँटिऑक्सिडंट कमी. ग्लुटाथायोन हे शरीराचं स्वतःचंच अँटिऑक्सिडंट. पेशींवरचं सीएफटीआर नावाचं जे दार या मुलांत बिघडलेलं असतं, त्यातून क्लोराइड जातं तसं ग्लुटाथायोनही जातं. त्यामुळे श्वासनळीच्या आतल्या ओलाव्यात ते मुळातच कमी. त्यात चिकट कफात जंतू बसतात आणि त्यांना मारायला पांढऱ्या पेशी धावतात. बायचा हिरवा बेडका बघितलात ना? तो हिरवेपणा बराचसा त्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा. हे एन्झाइम हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना, पाण्यात तिचंही हेच आम्ल होतं. जंतूंबरोबर आपली फुफ्फुसंही भाजतात. लहान मुलांची फुफ्फुसं धुऊन काढलेल्या पाण्यातसुद्धा या आम्लाने बिघडलेलं ग्लुटाथायोन सापडलंय.

मग वरून भरलं तर? मलाही तेच वाटलं होतं. २०१३ साली १५३ रुग्णांवरची चाचणी छापून आली. सहा महिने ग्लुटाथायोन वाफेतून दिलं, फुफ्फुसाच्या ताकदीत म्हणावा असा फरक नाही. तरी मी एन-अ‍ॅसिटिल सिस्टीनच्या फसफसणाऱ्या गोळ्या आणल्याच, त्यापासून शरीरात ग्लुटाथायोन बनतं म्हणून. कुजक्या अंड्याचा वास! पोरगा गुपचूप तुळशीत ओतायचा. तुळस जगली, हे विशेष.

आता आमचं साधं आहे. सकाळ-संध्याकाळ खारट पाण्याचं नेब्युलायझेशन, मग कफ सुटायला फिजिओथेरपी, आणि कफाचा रंग बदलला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. जंतू कमी तर पेशी कमी, पेशी कमी तर ते आम्लही कमी. नेब्युलायझरची वाटी रोज उकळा, पावसात तर चुकवूच नका.

मडगावची फार्मासिस्ट
बाबांशी सहमत. थोडी भर घालते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात आणि सीएफमध्ये बहुधा होतं तसं स्वादुपिंड चालत नसेल तर अंगी लागत नाहीत. ई तर स्वतःच अँटिऑक्सिडंट. म्हणून तूप-खोबऱ्याच्या जेवणाबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल विसरू नका. पण जीवनसत्त्वांचा डोस रक्त तपासून डॉक्टरच ठरवतील. 'अ' जास्त झालं तर यकृताला बाधतं. आवळा खुशाल द्या, औषध म्हणून नको. आणि मे महिन्यात पेजेत मीठ जास्त, घामातून भसाभस जातं.

डिचोलीची आई
आभार! पेजेबरोबर खारातली कैरी तिला नको म्हणायचे, आता वाढते. डबी दिरांना परत केली. जाऊबाईंनी ठेवून घेतली, म्हणाल्या फोटो बरा आहे.